वाळवणखोलीतली रताळी

अंड्याच्या डागावर कधीही गरम पाणी घालू नये.

रताळं भाजायच्या आधी त्याला काट्याने टोचे मारावेत, नाहीतर ते आतल्या आत फुगतं आणि फुटतं.

हॉटेलचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, आणि त्यावर होडीच्या आकाराचा तपकिरी डाग.

या घरात सध्या कुणी 'नाक' हा शब्द उच्चारत नाही.

साबणाची नवी वडी. थोरलीने ती चेहऱ्याजवळ नेली, बराच वेळ तिथेच धरली आणि खाली ठेवली. "दगड," ती म्हणाली.

पुठ्ठ्याची खोकी. चपटी, दुमडायची राहिलेली, छतापर्यंत रचलेली खोकी.

आता हे सगळं एका दोरीवर वाळत घालू.

खाली लाँड्री, वर घर, मध्ये लाकडी जिना. पुढच्या काउंटरवर सासूबाई, मागे बॉयलरपाशी त्यांचा थोरला मुलगा, आणि कपडे आणण्या-पोचवण्याच्या व्हॅनवर धाकटा. धाकट्याची बायको म्हणजे भिंगरी. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण लग्न होऊन आली त्याच आठवड्यात हातात बादली घेऊन ती एकाच वेळी तीन दिशांना निघाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी सून आणली की भिंगरी?" ते जे चिकटलं ते कुठल्याच साबणाने निघालं नाही.

आणि थोरली सून म्हणजे अख्ख्या लाँड्रीचं... बघा, तोच शब्द आला.

तर थोरली निवडीच्या टेबलावर बसायची. आलेला प्रत्येक गठ्ठा आधी तिच्या समोर पडायचा. डाग दिसतात सगळ्यांनाच, पण तपकिरी डाग कॉफीचा आहे, रक्ताचा आहे की गंजाचा, हे डोळ्यांना दरवेळी कळत नाही. थोरली कापड उचलायची, हुंगायची आणि फेकायची. डावीकडे थंड पाणी, उजवीकडे गरम. मधल्या टोपलीत नाजूक कामं. "दूध. थंड. हे औषध, बाजूला ठेव. हे तेल. आणि ही बाई नवऱ्याला सांगते सिगारेट सोडली, काही सोडलेली नाही." भिंगरीला ते बघायला कुठल्याही खेळापेक्षा जास्त आवडायचं. तिने स्वतः डोळे मिटून कितीदा करून पाहिलं होतं. तिला सगळ्याच कपड्यांना कपड्यांचा वास यायचा.

मग थोरलीला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला, आणि वासाच्या पाठोपाठ चव. डॉक्टर म्हणाले, येईल परत, सांगता येत नाही कधी. थोरलीने ते ऐकून घेतलं आणि टेबलावर जाऊन बसली. पहिल्याच दिवशी अंड्याचे रुमाल गरम पाण्यात गेले. तेही एकवेळ निभावलं. पण नंतर एका सकाळी ती इस्त्रीच्या गरम रोलरपाशी उभी असताना हॉटेलचा टेबलक्लॉथ रोलरखाली अडकला. वर स्वयंपाकघरात भिंगरीला करपल्याचा वास आला, काउंटरवर सासूबाईंना आला, रस्त्यावरून जाणारा एक माणूस आत डोकावून "काही जळतंय का हो?" म्हणाला. थोरली हातभर अंतरावर उभी होती आणि शांतपणे पुढची घडी सारखी करत होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "शनिवारपासून मी भावाच्या कारखान्यात जाणार. खोकी दुमडायला वास लागत नाही. टेबल भिंगरीकडे."

"माझ्याकडे?" भिंगरीने हातातला घास ताटात टाकला. "ताई, अहो मला भिजलेला कुत्रा आणि लोकरीचा कोट यातला फरक कळत नाही!"

"शिकशील."

"मी नाही शिकणार! तुम्ही नाही जायचं!"

"जळत असलेलं मला कळलं नाही, भिंगरी. माझ्या हाताखाली जळत होतं." एवढं म्हणून थोरली पाणी प्यायली. तिच्या लेखी ताटातल्या सगळ्याची चव त्या पाण्यासारखीच होती.

तेव्हापासून घरात तो शब्द बंद. आणि बंद केल्यावर लक्षात आलं, की आपण दिवसभर दुसरं काही बोलतच नाही. सासूबाई म्हणायच्या, "या गिऱ्हाइकाने तर माझ्या नाकी... कमरेचा काटा ढिला केला." भिंगरीचा नवरा म्हणायचा, "तो शेजारचा, उगाच आपलं ना... डोकं खुपसतो." एकदा पत्ता विचारायला कुणी आलं तेव्हा भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, बेसावधपणे म्हणाले, "इथून नाकासमोर सरळ जा..." आणि सगळी लाँड्री थिजली. थोरली मान वर न करता म्हणाली, "सांगा की पुढे. बिचारा चुकेल ना."

उकडून

रताळी घरात आली ती भाऊजींमुळे. बाजारात गेलेला माणूस पिशवी घेऊन परत येतो, हे पोतं घेऊन आले.

"काय हो हे?" सासूबाई काउंटरमागून ओरडल्या. "घोडा पाळलाय का कुणी?"

"चांगली असतात तब्येतीला."

"कुणाच्या? घोड्याच्या?"

भाऊजींनी एकदा थोरलीच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. भिंगरीने ते पाहिलं आणि पोतं वर ओढत नेलं.

रताळी धुवायची, साल काढायची नाही, पाण्यात बुडवायची आणि सुरी आरपार जाईपर्यंत उकडायची. बस्स, एवढंच. भिंगरीने ती सोलून गरम गरम थोरलीपुढे ठेवली आणि स्वतः समोर बसली, परीक्षेच्या निकालाला बसावं तशी.

थोरलीने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा!

"लागतंय?"

"काही नाही लागत. पण..." थोरली थांबली. "ऊब लागते. खाली जाताना कळतं, काहीतरी गेलं म्हणून."

बाकी कुणाला त्यात काही विशेष वाटलं नसतं. तापानंतर थोरलीने कुठल्याही ताटातला तिसरा घास घेतला नव्हता. भिंगरी जिन्यावरून धडधडत खाली गेली आणि बॉयलरच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "भाऊजी! तीन घास!"

कुस्करून

दुसऱ्या दिवशी उकडलेली रताळी गरम असतानाच कुस्करली. गार झाल्यावर कुस्करली तर गुठळ्या राहतात, मग कितीही हात चालवा. लोण्याचा मोठा गोळा, थोडं दूध, मीठ, वरून मिरपूड. चमचा उभा राहील इतपत घट्ट. भांड्यातून वाफ निघाली तेव्हा भिंगरीच्या तोंडाला स्वतःच्याच हातच्या रताळ्यांनी पाणी सुटलं, आणि सासूबाई वाडगा घेऊन हजर.

"हे माझ्यासाठी नाही हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "पण चाखल्याशिवाय आजारी माणसाला द्यायचं नसतं."

त्यांनी वाडगाभर चाखलं.

थोरलीने अर्धी वाटी खाल्ली. "मऊ आहे," ती म्हणाली. "गादीवर झोपल्यासारखं वाटतंय तोंडात."

"म्हणजे चांगलं ना?"

"गादीला चव असते का गं?"

काचऱ्या

पातळ. इतक्या पातळ की पलीकडचं बोट दिसावं. पसरट तव्यावर थोडं तेल, एकावर एक न चढवता मांडायच्या, कडा तपकिरी झाल्या की उलटायच्या, वरून मीठ. भिंगरीचं म्हणणं असं की चव नसेल तर आवाज तरी असावा. काचऱ्या कुरकुरीत झाल्या. थोरलीने कान देऊन खाल्ल्या, आणि जरा हसलीही.

"वाजतात छान."

"चव लागते?"

"नाही."

दुधात

फोडी दुधात मंद शिजवायच्या, चिमूटभर दालचिनी. दूध उतू गेलं, कारण भिंगरी मध्येच खाली टॉवेल मोजायला पळाली होती. जे उरलं ते थोरलीने संपवलं, आणि दालचिनी आहे का त्यात, असं विचारलं. भिंगरी उडालीच. "आली? दालचिनी आली?"

"नाही. डबा उघडा दिसतोय तिथे."

असं करत करत शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी सकाळी भिंगरीने पोत्याच्या तळात हात घातला तर उरलेली रताळी ओली. मातीचा चिखल झालेला, एकदोन ठिकाणी पांढरं बुरशीसारखं काही. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने ती धुतली असती, पुसली असती, खिडकीत पसरली असती. पण हे घर लाँड्रीवाल्यांचं. या घरात ओलं दिसलं की माणसाचे पाय आपोआप एकाच दिशेने वळतात. भिंगरीने चांगली रताळी निवडली, पत्र्याच्या ट्रेमध्ये घातली आणि खाली वाळवणखोलीत नेली. चारी भिंतींना दांड्या, आणि जमिनीलगत बॉयलरच्या वाफेचे नळ, हात लागला तर कातडी सोलून निघेल असे. ट्रे तिने नळांवरच ठेवला. पटकन सुकतील. जरा वेळाने काढू.

तेवढ्यात व्हॅन आली. दवाखान्याच्या चादरींचा ढीग. भिंगरीने त्या मशिनला लावल्या, पिळल्या, ढकलगाडीवरून वाळवणखोलीत नेऊन भराभर दांड्यांवर टाकल्या आणि दार लोटून दिलं. ट्रे? कुठला ट्रे? ती भिंगरी होती.

दुपारी थोरलीने निवडीचं टेबल आवरायला घेतलं. तिचं जाड भिंग, तिची उशी, डागांच्या औषधांच्या तिच्या बाटल्या. भिंगरीला ते बघवेना. ती वर पळाली. शेवटचा प्रयत्न: सूप. सोललेल्या रताळ्याच्या फोडी कांद्याबरोबर परतायच्या, पाणी घालून शिजवायच्या, घोटायच्या, दूध, मीठ आणि मिरपूड, भरपूर मिरपूड. शिंका आल्या तर आल्या!

"अगं, किती ती मिरी," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मेलेला उठून बसेल."

"तेच तर हवंय, आई!"

"ती जाणारच म्हणते."

"नाही जाणार."

"तू रडतेस का?"

"मिरी आहे!"

"हो, मलाही मिरीच झालीय," सासूबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

इतक्यात खालून, जिन्याच्या तळातून, थोरलीचा आवाज आला. तापाच्या आधीचा, बॉयलरवर मात करणारा आवाज.

"अगं ए! काहीतरी जळतंय!"

"जळू दे!" सासूबाई ओरडल्या. "इथे सूप चाललंय!"

आणि मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

कोण म्हणालं?

भिंगरीच्या हातातली पळी सुपात बुडाली. गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही. दोघी जिन्यात एकदम शिरल्या. तो जिना एका माणसाचा, त्यामुळे मधल्या पायरीवर अडकल्या, आणि सासूबाईंनी या वयात जो धक्का दिला त्याने भिंगरी उरलेल्या पायऱ्या न मोजता खाली पोचली.

खाली थोरली वाळवणखोलीच्या बोळाच्या तोंडाशी उभी होती, कमरेवर हात. "कानात काय बोळे घातलेत? जळतंय म्हणते मी!"

भिंगरी तिच्यासमोर उभी राहून नुसती बघत होती. बॉयलरकडून भाऊजी धावत आले, दोन्ही हातांत वाळूच्या बादल्या. "कुठे? कुठे जळतंय?"

"भाऊजी, ताईंना वास आला!"

"कसला?"

"जळल्याचा!"

"मग जळतंय कुठे?"

"ते जाऊ द्या हो, वास आला!"

भाऊजींना ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या हातातल्या दोन्ही बादल्या खाली आल्या, एक त्यांच्याच पायावर, आणि ते हूं की चूं न करता बायकोकडे बघत उभे राहिले.

"अरे, माझ्या तोंडाकडे काय बघताय सगळे?" थोरली कडाडली. "आग लागलीय का घराला ते बघा आधी! रोलर बंद करा! मला इथे करपल्याचा..."

ती थांबली.

तिने हात कमरेवरून काढला आणि ओठांवर ठेवला. मग काढला. मान जरा वर केली, डोळे मिटले आणि श्वास घेतले, निवडीच्या टेबलावर घ्यायची तसे, छोटे छोटे, एकापाठोपाठ.

"साखर," ती हळूच म्हणाली. "साखर करपतेय."

"कुठे?" कुणीतरी कुजबुजलं. आता कुणी मोठ्याने बोलेना, जणू वास दचकून उडून जाईल.

थोरली निघाली. मिटल्या डोळ्यांनीच, एक हात भिंतीला लावून. पुढे ती, तिच्यामागे भिंगरी, भिंगरीमागे लंगडत भाऊजी, आणि सर्वांत शेवटी सासूबाई, ज्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प होत्या. स्टोअरचं दार आलं. थोरलीने मान हलवली, नाही. रोलर आला. नाही. वाळवणखोलीचं दार आलं तशी तिने दोन्ही हातांनी ते ढकललं.

आतून गरम हवा आली, आणि त्या हवेबरोबर गोड, दाट, करपट असा एक लोट, की भिंगरीच्या डोळ्यांपुढे एकदम तो ट्रे आला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आई गं! माझी रताळी!"

दवाखान्याच्या चादरींची टोकं ट्रेमध्ये लोळत होती. रताळी दिवसभर नळांवर मंद भाजत पडली होती. सुरकुतली होती, सालीपासून सुटली होती आणि त्यांच्यातून पाक पाझरला होता, गडद, मधासारखा. तो ट्रेभर पसरून काठावरून नळांवर ठिबकत होता आणि तिथे काळा होऊन फसफसत होता. पांढऱ्या चादरींवर पाकाचे तपकिरी पट्टे.

एरवी अशा प्रसंगी या लाँड्रीत रणकंदन झालं असतं. सासूबाईंनी तोंड उघडलंही. "कुणी ही... कुठल्या शहाणीने... दवाखान्याच्या चादरी..." आणि त्यांना हसू फुटलं. ते थांबेना. त्या दारालाच टेकल्या.

"ओली होती," भिंगरी म्हणाली. "वाळत घातली होती."

"रताळी वाळत घातली!" भाऊजी म्हणाले. "चिमटे नाही लावलेस ते?"

थोरली कुणाचंच ऐकत नव्हती. तिने पदराने ट्रे बाहेर ओढला, एक रताळं उचललं, हाताला चटका बसला तसं या हातातून त्या हातात घेतलं आणि मोडलं. आत ते नारिंगी, ओलसर, जवळजवळ पातळ झालं होतं. साल कागदासारखी गळून पडली. तिने घास घेतला. तिघेही तिच्या जबड्याकडे बघत राहिले.

"मी काय सर्कशीतला हत्ती आहे?" ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"गोड?" भिंगरीला राहवेना. "ताई, गोड लागतंय का?"

"गप्प बस जरा." थोरलीने गिळलं. "थोडं. खूप लांबून. दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, तसं. पण हे..." तिने काळी झालेली कड तोंडात टाकली. "हे इथे आहे. इथेच."

आणि मग तिने ते रताळं संपवलं. दुसरं उचललं. भिंगरी टाळ्या वाजवायला लागली तेव्हा तिच्याही हातात एक कोंबलं. "खा. तुझंच पाप आहे."

उभ्यानेच, वाफेने भरलेल्या त्या खोलीच्या दारात, सगळ्यांनी रताळी खाल्ली. मीठ नाही, लोणी नाही, काही नाही. बोटं चिकट झाली, हनुवट्या चिकट झाल्या. आठवडाभर वर काय काय केलं, आणि या रताळ्यांना नुसता वेळ मिळाला होता आणि ऊब. भिंगरी घासागणिक "बघा! बघा!" म्हणत होती, आणि काय बघायचं ते कुणी विचारत नव्हतं.

पण थोरली थोरली होती. शेवटचा घास गिळून ती सरळ निवडीच्या टेबलावर गेली. अर्धं आवरलेलं टेबल. तिने टोपलीतून एक रुमाल उचलला आणि हुंगला.

"काही नाही."

दुसरा. "काही नाही."

तिसरा रुमाल थोरलीने बराच वेळ धरला, उलटा केला, पुन्हा धरला. शेवटी खाली ठेवला. "नाही. हेही नाही."

वर सूप उतू जाऊन गॅसवर चरचरल्याचा आवाज आला.

"ते पण करपलं," थोरली मान वर न करता म्हणाली.

भाऊजींनी छताकडे पाहिलं. "कळलं तुला? इथून?"

"इथून." ती उशीवर बसली. बाटल्यांची पिशवी तिने मांडीवर घेतली आणि विचार करत राहिली. "म्हणजे जळलेलं कळतंय. बाकीचं नाही अजून, पण जळलेलं कळतंय." मग, जणू गिऱ्हाइकाला चादर परत देत असावी तितक्या सहज, "जळलेलं कळत असेल तर मी रोलरपाशी उभी राहू शकते."

"आणि उद्या?" सासूबाईंनी विचारलं. "तुझा भाऊ वाट बघेल."

"त्याला फोन करा. म्हणावं, तुझी खोकी तूच दुमड."

भिंगरीने तिला मिठी मारली, चिकट हातांसकट. थोरली ओरडली, तिचा पदर चिकटला, आणि भाऊजी उगाचच बॉयलरकडे निघाले, पाठ करून, पायाने लंगडत आणि बाहीने तोंड पुसत.

"आणि टेबल?" भिंगरीने विचारलं. "टेबल कुणाकडे?"

"तू बसायचं. मी रोलरपाशी उभी राहून तिथून ओरडेन."

"चालेल!"

"चालेल म्हणे. आधी त्या चादरी उतरव. साखर आहे, कोमट पाण्यात भिजव. आणि डाग पुरता गेल्याशिवाय एकही चादर रोलरखाली आली तर बघ, पक्का बसेल तो." ती पिशवीतून बाटल्या काढून एकेक टेबलावर मांडायला लागली. "आणि सासूबाई, तो शब्द तेवढा म्हणून टाका आता. तुम्ही आठवडाभर फुगलाय नुसत्या."

"नाक!" सासूबाई म्हणाल्या. "नाक, नाक, नाक! नाकी नऊ आणलेत तुम्ही सगळ्यांनी!"

भिंगरी चादरींचा ढीग कवेत घेऊन धावली, अर्ध्या वाटेत वरचा गॅस आठवून जिन्याकडे वळली आणि पुन्हा चादरींकडे.

सकाळी ट्रे नळांवर ठेवताना तिने त्यातलं एक रताळं उचलून हुंगलं होतं. तेव्हा त्याला फक्त ओल्या मातीचा वास होता, आतल्या साखरेचा जराही नाही.